मागच्या दाराची बटणं

संपतनं लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या गाडीतल्या जुन्या टेपच्या दोन्ही कडांना खुपसल्या, अंगठ्यांनी दाबून धरल्या आणि टेप पुढं ओढला. तो सहजासहजी आला नाही. इतक्या वर्षांची धूळ कडेला घट्ट बसली होती. संपतनं दोनदा फुंकर मारली, पुन्हा ओढला, तसा तो एकदम सुटला आणि त्याच्या मागोमाग वायरींचा झुपका बाहेर लोंबला.

हौशीराम उघड्या दाराला हात लावून उभा होता. डॅशबोर्डात पडलेल्या त्या चौकोनी खड्ड्याकडं त्यानं पाहिलं आणि मान दुसरीकडं केली.

"मामा, ह्यो तर कामातनं गेलाय," संपत टेप उलटासुलटा करत म्हणाला. "आता कॅसेटी वाजवतंय कोन? नवा सेट बशीवतो. सीडी, पेनड्राइव्ह, समदं चालंल. तासाभराचं काम."

"आन् मागची बटणं?"

"कुठली?"

हौशीरामनं मागचं डावं दार उघडून दाखवलं. दाराच्या आतल्या अंगाला, हात टेकवायच्या जागेपुढं, चार काळी बटणं ओळीनं बसवलेली होती. एक आवाज वाढवायचं, एक कमी करायचं, एक पुढच्या गाण्याचं आणि एक बंद करायचं. त्यांवरच्या पांढऱ्या खुणा बोटानं झिजून निम्म्या गेल्या होत्या.

"आयला, मागं पण हायेत व्हय!" संपत वाकून बघत म्हणाला. "साहेबलोकांची गाडी. पण ही नव्या सेटला चालायची न्हाईत मामा. कंपनीची बटणं कंपनीच्याच टेपशी बोलत्यात. ऱ्हाऊ द्या तशीच, शोला."

"शोला नको. चालली पायजेत."

"कशाला? गाडी आता तुमची. तुमी पुढं बसनार. आवाज पुढनं कमीजास्त करता येतोय की."

"मागनंच झाला पायजे," हौशीराम म्हणाला. आपला आवाज चढला, हे त्याच्या लक्षात आलं. तो खाली आणत त्यानं विचारलं, "जमंल का न्हाई ते सांग."

संपतनं हात पुसले. शिरूरला नगर रस्त्यावर त्याचं हे गाळ्याएवढं दुकान होतं. पाबळच्या शाळेत तो वायरिंगचं काम शिकला होता आणि काम अवघड निघालं की त्याचा चेहरा उजळायचा. त्यानं दाराचं अस्तर उचकटलं, आतली वायर शोधली, तिच्यावर मीटरची टोकं टेकवली आणि एकेक बटण दाबून आकडे बघितले. चारही बटणं एकाच वायरीवर होती, फक्त दर बटणाला मीटरवर वेगळा आकडा येत होता. चौथ्याला काहीच आलं नाही.

"जमंल," तो अखेर म्हणाला. "नव्या सेटला रिमोटची एक वायर असती. मधी एक छोटी डबी करून टाकतो, ती ह्या आकड्यांचं सेटला समजंल असं करून देती. पण आज न्हाई. चार दिस लागतील."

"लागू दे."

"चार दिस गाडी बिनगान्याची."

"तशी लई दिस हाय," हौशीराम म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. तो दमला होता. काही केलं नव्हतं तरी दमला होता. निवृत्त झाल्यापासून असंच होत होतं.

रांजणगावच्या एका कारखान्यात त्यानं अठरा वर्षं साहेबांची गाडी चालवली. शेवटची नऊ वर्षं ही गाडी. नवी आली तेव्हा बघायला कामगार जमले होते, एवढी लांब आणि काळीभोर. साहेब बदली होऊन गेले, कारखान्यानं जुन्या गाड्या काढल्या, तेव्हा साहेबांनी शब्द टाकला आणि ती हौशीरामच्या दारात कारेगावला येऊन उभी राहिली. शेजारीपाजारी म्हणाले, नशीब काढलं. त्याला ते पटलं नाही आणि नाकारताही आलं नाही. सकाळी उठून तो सवयीनं काच पुसायचा आणि मग कुठं जायचं हे न सुचून फडकं वाळत घालायचा.

साहेब मागं डाव्या बाजूला बसत. गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली की गाणं सुरू होई. त्यांना मोठा आवाज लागे. बोलायचं असलं की ते दारावरच्या बटणानं आवाज बारीक करत, आणि तो बारीक होताना ऐकू आला की हौशीरामची पाठ आपोआप सरळ होई. मग मागून शब्द येत, "हौशीराम, पेट्रोल आहे ना?" किंवा "हौशीराम, उद्या सहाला." तो म्हणे, "जी साहेब." मग आवाज पुन्हा चढे. आवाज चढलेला असताना त्यानं कधी तोंड उघडलं नाही. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण अठरा वर्षांत ते ठरून गेलं होतं.

सारजाबाईला मात्र ह्यातलं काही माहीत नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती.

गाडी घरी आली त्या दिवशी त्यानं बायकोसाठी पुढचं दार उघडलं होतं. ती त्याच्याकडं न बघता मागं जाऊन बसली. "मला हितंच बरं," म्हणाली. त्याला वाटलं, हौस असेल, साहेबासारखं बसायची. नंतर आषाढात ती मोरीत पाय घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, दौंडच्या डॉक्टरांनी आत सळई घातली. त्यामुळं मागच्या सीटवर आडवा पाय पसरून बसणं तिला भागच झालं. दर पंधरवड्याला दौंड. जायला दोन तास, यायला दोन तास. गाडीत दोघंच, आणि बोलणं नाही. घरी निदान भांड्यांचा आवाज असे, शेजारची पोरं येत. गाडीत फक्त इंजिन. अठरा वर्षं तो सकाळी अंधारात जाऊन रात्री परतला होता. लेक पूनमची शाळा, तिचं लग्न, घराचं बांधकाम, सगळं सारजाबाईनं एकटीनं ओढलं. आता तो दिवसभर घरी होता आणि दोघांना एकमेकांशी काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

मागच्या खेपेला न्हावऱ्याच्या पुढं कुठंतरी ती म्हणाली होती, "गाडीत गानं असतं तर बरं झालं असतं."

चार महिन्यांत तिनं मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

चौथ्या दिवशी हौशीराम शिरूरला गेला. संपत डॅशबोर्डाखाली पाठीवर पडून होता, फक्त पाय बाहेर. नव्या सेटभोवती फट राहू नये म्हणून त्यानं प्लॅस्टिकची काळी पट्टी कानशीनं घासून बसवली होती.

"मागं बसा मामा," तो आतून ओरडला. "आवाज वाढवा."

हौशीराम मागच्या दारापाशी बाहेरच उभा राहिला आणि वाकून बटण दाबलं. गाणं बारीक झालं.

"उलटं झालं," तो म्हणाला.

संपतनं आत काहीतरी केलं. "आता?"

आता वाढलं. कमी झालं. गाणं पुढं गेलं. चौथं बटण खोलून त्यानं स्पिरिटनं पुसलं होतं, तेही चाललं. संपत अंगावरची धूळ झटकत बाहेर आला आणि एकदा स्वतः चारही दाबून बघितली.

"सेट नवा, बटणं जुनी. मालकाला कळायचं न्हाई काय बदललंय," तो खूश होऊन म्हणाला. "मामींसाठी गवळणी टाकल्यात, जात्यावरच्या ओव्या टाकल्यात. पर एक सांगा मामा, बसायचं व्हतं की मागं. बाहीरनं कशापायी दाबताय?"

"बूट मातीचे हायेत," हौशीराम म्हणाला.

दौंडला जायच्या दिवशी तो पहाटेच उठला. सारजाबाईच्या पाठीला लागेल म्हणून दाराशी उशी ठेवली. तिला काखेत धरून बसवलं, पाय सीटवर सरळ करून दिला आणि डाव्या हाताशी असलेली बटणं दाखवली.

"ह्यानं वाढतंय. ह्यानं कमी व्हतंय. हे दाबलं की पुढचं गानं."

"मला कशाला? तुमी लावा की पुढनं."

"तुझ्या हातानं लाव."

तिनं बटणाकडं असं बघितलं की जणू ते चावेल. मग गाडी शिरूर ओलांडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा मागं टकटक सुरू झाली. आवाज वाढला, कमी झाला, वाढला. एक गवळण अर्ध्यातच गेली आणि दुसरी आली. आरशात हौशीरामला तिचा एका बाजूनं चेहरा दिसत होता. ओवी लागली तेव्हा ती थांबली. ओठ हलत होते. मग तिनं आवाज पार वाढवला, आणि गाडीच्या काचा थरथरू लागल्या. उसाची वाहतूक सुरू झाली होती. ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन दोन ट्रॉल्या. हौशीराम एकेकाला मागं टाकत चालला होता. बऱ्याच दिवसांनी त्याला हलकं वाटलं. चांगलं केलं आपण, असं तो मनाशी म्हणत होता.

तेवढ्यात गाणं हळूहळू बारीक झालं. बारीक होत होत पार बंद पडलं.

हौशीरामची पाठ सरळ झाली. नजर आरशात गेली.

"जी," तो म्हणाला.

"जी काय?" सारजाबाईनं विचारलं.

तो ओशाळला. "काय न्हाई. सवय."

"साहेब असाच आवाज बारीक करायचं का?"

"व्हय. बोलायचं असलं की."

रस्त्याकडेच्या शेतात शेवंती फुलली होती, पिवळे आणि पांढरे पट्टे. ती तिकडं बघत होती. तिचे वडील सावळाराम, तिचे आबा, वढू बुद्रुकला फुलांचीच शेती करायचे.

"मला बी बोलायचंय," ती म्हणाली.

"बोल की."

"आबा गेलं त्या दिवशी मी फाटकावर आले हुते."

हौशीरामचा पाय ॲक्सिलरेटरवरून किंचित उचलला गेला. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

अठ्ठ्याण्णव साल. चैत्रातलं ऊन. वाण्याच्या दुकानातल्या फोनवर वढूहून निरोप आला होता, आबांचं काही खरं नाही, लगेच निघा. सारजाबाई पिशवीत एक लुगडं कोंबून चालत कारखान्याच्या फाटकावर गेली होती. वॉचमननं निरोप आत कळवला आणि सांगितलं, गाडी आता बाहेर पडेलच, थांबा. ती उन्हात थांबली. हे सगळं हौशीरामला ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तिला किती ठाऊक आहे.

"गाडी आली," ती म्हणाली. "नवीकोरी. मागच्या काचा काळ्या. साहेब काय मला दिसला न्हाई. पर पुढची काच काळी नव्हती."

हौशीरामनं नजर रस्त्यावरच ठेवली.

"तुमी माज्याकडं बघितलं. मी पिशवी वर केली. तुमी बघितलं, आन् गाडी वळिवली."

"सारजे..."

"शेजारची शीट मोकळी हुती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. फार दिवस उचलून धरलेलं ओझं खाली ठेवावं तसं ती बोलत होती. "गाडी पुण्यालाच निघाली हुती न्हवं? कोरेगाववरनंच जानार. वढूचा फाटा वाटंतच."

तो फाटा हौशीरामला कालचा असल्यासारखा आठवत होता. उजव्या हाताला. चहाची टपरी, तिच्यापुढं दोन सायकली. त्या दिवशी त्यानं तिकडं मान वळवली नव्हती, तरी टपरीपुढच्या सायकली दोनच होत्या हे त्याला माहीत होतं. सारजाबाई एसटीनं पोचली तेव्हा आबांना जाऊन तास झाला होता. तो स्वतः पोचला दुसऱ्या दिवशी सकाळी. तिच्याजवळ बसून म्हणाला होता, निरोप उशिरा मिळाला. तिनं नुसती मान हलवली होती.

"आवाज मोठा व्हता," तो आता म्हणाला. "साहेबानं गानं लावल्यालं. डोळं मिटून बसलं व्हतं. मला वाटलं, आवाज बारीक करतील. केला की सांगंन."

"मग?"

"मग वाट बघितली."

"कुठवर?"

त्याला वाटलं खोटं सांगावं. शिक्रापूर म्हणावं, कोरेगाव म्हणावं.

"पुण्यापतूर."

समोरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली.

"पुढं बी गुंडी व्हती की," सारजाबाई म्हणाली. "टेपावर. तुमच्या हाताशी."

"व्हती."

"हात न्हाई गेला?"

"न्हाई गेला," तो म्हणाला. अठरा वर्षांत गेला नाही, हे सांगावंसं त्याला वाटलं. पण त्या दिवसाचं ते उत्तरच नव्हतं.

भीमेचा पूल आला. खाली पाणी संथ होतं. पूल ओलांडून झाल्यावर ती पुन्हा बोलली, आणि ह्या वेळी जरा वेगळ्या आवाजात.

"माहेरच्यांला मी सांगितलं, ते मुंबईला गेल्यात साहेबांना घिऊन."

"काय?"

"दादा लई चिडला हुता. आबांनी शेवटाला तुमचं नाव काडलं हुतं, जावई आलं का म्हनून. दादा म्हनाला, तासाभरावर ऱ्हातो आन् याला यायला झालं न्हाई. मी म्हनले, हितं असतं तर धावत आलं असतं. मुंबईला गेल्यात, त्यांला कसं कळनार."

हौशीरामला आठवलं. त्या सकाळी मेहुणा दारातच भेटला होता. पाणी देत त्यानं विचारलं होतं, मुंबईहून रातोरात निघालात का दाजी, दमला असाल. हौशीरामला काही उमगलं नव्हतं. कुणीतरी काहीतरी चुकीचं सांगितलंय, आपल्या पथ्यावर पडलंय, असं समजून त्यानं मान हलवली होती. त्यानंतर नऊ वर्षं वढूला त्याचा मान राहिला. दर जत्रेला मेहुणा त्याला शेजारी बसवून घ्यायचा, आबांच्या जागेवर.

त्यानं तिला निरोपाचं खोटं सांगायच्या आधीच तिनं त्याच्यासाठी खोटं सांगून ठेवलं होतं.

पुढं एक मोठी चिंच होती आणि तिच्याखाली रस्ता सोडून ऐसपैस जागा. हौशीरामनं गाडी तिथं घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो क्षणभर समोर बघत राहिला. मग खाली उतरला.

त्यानं मागचं उजवं दार उघडलं. सारजाबाईचा पाय सीटवर आडवा होता, तळवा त्याच्याकडं.

"काय झालं? पंचर हाय का?"

"न्हाई. पाय घे जरा."

तिला कळलं नाही. तरी तिनं दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय कण्हत वर ओढला. रिकाम्या झालेल्या जागेवर तो बसला. सीट मऊ होती, त्याला वाटली होती त्याहून खोल. पुढं दोन्ही जागा मोकळ्या होत्या आणि काचेतून रस्ता फार लांब दिसत होता.

"डाक्टरची वेळ झाली," सारजाबाई म्हणाली.

"व्हय."

"गाडी कोन चालवनार मग?"

"चालवतो. जरा बसू दे."

त्यानं दार ओढून घेतलं. चिंचेचा पाला टपावर बारीक बारीक पडत होता. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की गाडी हलकी हलायची आणि पुन्हा स्थिर व्हायची.

सळईचा पाय फार वेळ दुमडून ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोड्या वेळानं तो ठणकू लागला असावा. सारजाबाईनं ओठ दाबून तो हळूहळू सरळ केला. सीटवर आता तेवढी जागा नव्हती. टाच हौशीरामच्या मांडीवर आली. तिनं ती तिथंच राहू दिली.